चौथी मोटार

काकासाहेबांनी बॅटरीची पिन जोडली आणि मोटारींची नेहमीची शिट्टी वाजायच्या आतच ड्रोनच्या पोटातून धूर निघाला. टक्‌ असा बारीक आवाज झाला. करपलेल्या लाखेसारखा वास खोलीभर पसरला. त्यांनी पिन उपसायला हात घातला, पण बोटं सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. तिसऱ्या झटक्याला बॅटरी सुटली आणि त्यांनी ती दाराबाहेर वाळूच्या मडक्यात नेऊन ठेवली.

"काय जळालं हो?" त्यांच्या पत्नी आवडाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

काकासाहेब खाली वाकून त्या चार हातांच्या यंत्राकडं बघत राहिले.

काकासाहेब मूळचे देवगाव रंगारीचे. शेती भाऊ बद्रीनाथ बघायचा, आणि ते तरुणपणीच शहरात येऊन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मोटार वाइंडिंगच्या कामाला लागले. एकतीस वर्षं त्यांनी तांब्याची तार गुंडाळली. शेवटच्या दिवशी कारखान्यानं शाल दिली, नारळ दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हातांना काही काम उरलं नाही. मुकुंदवाडीच्या घरात ते दिवसभर मोबाईल बघत बसायचे. असंच एकदा त्यांना चार छोट्या मोटारींवर उडणारं यंत्र दिसलं. त्या मोटारीही वाइंडिंगच्याच, फक्त लिंबाएवढ्या. मग त्यांनी सांगाडा मागवला, मोटारी मागवल्या, बोर्ड मागवले, आणि चार महिन्यांत स्वतःच्या हातानं ड्रोन जोडला. त्याला कॅमेरा नव्हता. तो कशाच्याच कामाचा नव्हता. तो उडायचा, एवढंच. घरापासून विमानतळ जवळ, म्हणून मुकुंदवाडीत त्यांनी तो कधी वीतभरही उचलला नाही. महिन्यातून एकदा पिशवीत घालून गावी न्यायचे आणि रिकाम्या रानात उडवायचे.

मागच्या फेरीत तो बांधावर आपटला होता आणि एका मोटारीचा दांडा वाकला होता. काल दुपारी काकासाहेबांनी ती मोटार बदलली होती, आणि आज तो चालतो का ते बघायला बॅटरी लावली होती.

"सकाळी हे कुणी हलवलं?" त्यांनी विचारलं.

तनुजा, त्यांची सून, दारात येऊन उभी होती. "मी आबा. मला खाटेवर फ्रेम मांडायची होती. म्हणून कपाटावर ठेवला."

"आपटला असशील."

"नाय आबा. दोन्ही हातांनी उचलून ठेवला."

"मग आपोआप जळाला व्हय? न कळणाऱ्या वस्तूला हात कशाला लावायचा?"

तनुजाचा चेहरा उतरला. ती आरीचं काम करायची. लाकडी चौकटीवर ब्लाउजचं कापड ताणून बारीक सुईनं मणी आणि जर भरायची. लग्नसराईत हातात पाच-पाच ब्लाउज असायचे. नवरा शिवम पुण्याच्या कंपनीत, पंधरा दिवसांनी यायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण सासऱ्यांनी तिच्याशी असा आवाज कधी चढवला नव्हता. नाजूक वस्तूला हात कसा लावायचा हे तिला शिकवायची गरज होती का? ती चौकटीशी जाऊन बसली. त्या दुपारी तिचा एक अख्खा मोर चुकला आणि सगळे मणी उसवून पुन्हा घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी ड्रोन उघडला. खिडकीजवळच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, आधी चारी पाती काढून बाजूला ठेवली, मग स्क्रू काढले. आत एकावर एक असे दोन बोर्ड. वरचा साबूत दिसत होता. खालच्याच्या एका कोपऱ्यात काळा डाग पडला होता. त्यांनी मीटर काढलं, बीपच्या खुणेवर ठेवलं आणि दोन टोकं बोर्डाला लावली.

मीटर वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं. थांबलं.

"मीटरच बिघडलंय," ते पुटपुटले. मीटरचा सेल बदलला. पुन्हा तेच.

तनुजा समोरच्या खाटेवर काम करत होती. बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तो तुटक आवाज कानाला टोचत होता. अर्ध्या तासानं तिनं सुई कापडात खोचून ठेवली.

"आबा, मी धरू का ती टोकं?"

"तुला नाय जमायचं."

"धरायचीच आहेत ना? कुठं ते सांगा."

काकासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. तिचा आवाज अजून कोरडाच होता. त्यांनी खुर्ची सरकवून तिला जागा दिली.

"ही जाड लाल तार जिथं लागली तिथं एक. काळी जिथं लागली तिथं दुसरं."

तनुजानं टोकं टेकवली. मीटर एकसारखं वाजत राहिलं. म्हणजे मीटर चांगलं होतं.

"हे वाजायला पाहिजे का?"

"नाय. बॅटरीच्या दोन बाजू अशा भिडायला नको. आत कुठंतरी नको तिथं वाट जुळलीय." बोलता बोलता त्यांचा स्वर मऊ झाला. कामाचं बोलताना त्यांचा राग टिकत नसे. "वरचा बोर्ड नुसता ठरवतो, कुठं जायचं, किती जोर लावायचा. खालचा बोर्ड मोटारींना वीज देतो. चार मोटारी, चार कोपरे. एकेका कोपऱ्यात या काळ्या चिपा दिसत्यात का? त्यांना मॉसफेट म्हणत्यात. नळाच्या तोट्या समज. वीज सोडायची, बंद करायची. आता कोणती तोटी उघडीच राहिली ते शोधायचं."

पहिला कोपरा गप्प. दुसरा गप्प. तिसरा गप्प. चौथ्याला मीटर ओरडलं.

"हाच," काकासाहेब म्हणाले. "नीट बघ काय दिसतंय."

तनुजानं आपलं दिव्याचं भिंग ओढून घेतलं. मणी ओवताना ती तेच वापरायची. त्याखाली बोर्ड एकदम मोठा झाला. दोन चिपा जळून तपकिरी पडल्या होत्या, एकीला मध्येच खड्डा पडला होता. आणि त्यांच्या शेजारी, जिथं मोटारीच्या तीन तारा सोल्डरनं जोडल्या होत्या तिथं, दोन तारांच्या मधोमध एक चकचकीत थेंब बसला होता. तिच्या सगळ्यांत बारीक मण्यापेक्षाही बारीक.

तिनं बाकीचे तीन कोपरे पाहिले. तिथले जोड एकसारखे, गोल, घासून ठेवल्यासारखे. चौथ्या कोपऱ्यातले तिन्ही फेंगडे, पसरलेले, जणू दुसऱ्याच कुणी केले असावेत. ही मोटार आबांनी परवाच बदलली. भिंगावरून तिनं नजर उचलली, तेव्हा टेबलाखाली काकासाहेबांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेलं तिला दिसलं. तरीही बोटं हलत होती.

तिचा राग कुठं गेला ते तिलाच कळलं नाही.

"दिसलं का काही?"

"दोन चिपा जळाल्यात."

"आणि?"

थेंब नखानं उडवून टाकावा असं तिच्या मनात आलं. कुणाला कळलं असतं?

"मोटारीच्या तारा जिथं लावल्यात," काकासाहेब हळू म्हणाले, "तिथं मधी काय हाय का बघ."

"आहे."

"काय?"

"सोल्डरचा थेंब. दोन तारा जोडल्या गेल्यात त्यानं."

बाहेर रुळावरून मालगाडी जात होती. काकासाहेबांनी तिचे सगळे डबे जाऊ दिले.

"तो मीच पाडला," मग ते म्हणाले. "त्यानंच जाळलं. तुझा काय बी संबंध नव्हता. उगाच बोललो तुला. चुकलं माझं."

सासरा आपल्याला चुकलं म्हणतो, यावर काय म्हणायचं असतं? तनुजानं एवढंच विचारलं, "कधीपासून होतंय आबा?"

"दसऱ्यापासून असंल. आधी वाटलं उपास घडला म्हणून. जाड काम असलं की कमी असतं. बारीक काही धरायला गेलं की हात ऐकतच नाय."

"आईंना माहीत आहे?"

"नाय. आणि तू बी सांगू नको. शिवमला तर मुळीच नाय." त्यांनी मनगट सोडलं, हात टेबलावर ठेवला. "माझ्या शेजारच्या बाकावर एक जण होता. माझ्यापेक्षा साफ हात होता त्याचा. त्याला कंपवात झाला. अशीच बोटं हलायची आधी. पुढं पुढं बायको घास भरवायची त्याला. मी भेटायला गेलो तर माझ्याकडं बघितलं बी नाय त्यानं. मग मी परत गेलोच नाय."

"दाखवलं का कुणाला?"

"दाखवून काय करायचं? तेच सांगतील."

"तेच सांगतील हे तुम्हाला मीटर न लावताच कळलं?"

काकासाहेबांनी चमकून तिच्याकडं पाहिलं.

"आबा, हा बोर्ड आपण दोघं दुरुस्त करू," तनुजा म्हणाली. "तुम्ही सांगा, मी करते. पण हा झाला की दवाखान्यात यायचं."

"बघू."

"बघू नाय. व्हय म्हणा."

त्यांनी जळालेल्या कोपऱ्याकडं पाहिलं, मग तिच्या हातांकडं. "बरं, व्हय," ते म्हणाले.

चिपा काढायला गरम हवेचं यंत्र लागणार होतं. मोबाईल दुरुस्तीवाले त्याला ब्लोअर म्हणतात. स्टेशनजवळ सर्जेरावचं दुकान होतं. तो पूर्वी काकासाहेबांच्या हाताखाली वाइंडिंग शिकला होता.

"त्यालाच देऊ की दुरुस्तीला," तनुजा म्हणाली.

"नाय. तो मलाच बसवंल समोर. म्हणंल काका, तुम्हीच करा, तुमचा हात बघायचाय मला." काकासाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "नुसता ब्लोअर माग."

सर्जेरावनं ब्लोअर लगेच काढून दिला. "ले जाव वहिनी, आज काम नाय त्याचं. पण काकांना म्हणावं, एकदा तरी या इकडं. लई दिवस झाले, रस्त्यात भेटले तरी हात खिशात घालून निघून जात्यात." तनुजानं मान हलवली आणि ब्लोअर पिशवीत घातला.

काकासाहेबांनी तिला लगेच बोर्डाला हात लावू दिला नाही. त्यांच्याकडं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक जुना निकामी बोर्ड होता. दोन दिवस ती त्याच्यावरच शिकली.

"कथील वितळवायचं नाय. जागा तापव. जागा तापली की कथील आपोआप धावतं."

"एवढा वेळ टेकवू नको, खालची तांब्याची पट्टी उखडंल."

"खिडकी उघड. धूर छातीत घेऊ नको."

शिकवताना ते कडक होते. एकच जोड त्यांनी तिला नऊ वेळा करायला लावला. दहाव्या वेळी भिंगातून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हं." त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसं या 'हं'साठी महिने काढायची, हे तनुजाला ठाऊक नव्हतं. तरी तिला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खऱ्या बोर्डाला हात घातला. तनुजानं आधी तो थेंब काढला आणि चारी मोटारींच्या तारा सोडवल्या. मग जळालेल्या चिपांवर फ्लक्सचं मलम लावून गरम हवा धरली. काही वेळ काहीच झालं नाही. मग चीप एकदम हलली, पाण्यावर पान तरंगावं तशी, आणि तिनं चिमट्यानं ती अलगद उचलली. दुसरीही निघाली. मीटर लावलं. गप्प. लाल आणि काळ्याच्या मधली नको ती वाट बंद झाली होती.

"आता जुन्या बोर्डावरच्या दोन काढ आणि इथं बसव. चिपेवर एक ठिपका असतो. बाकीच्या चिपांचे ठिपके ज्या बाजूला, त्याच बाजूला या दोघींचे आले पाहिजेत."

पहिली चीप बसली. दुसरी चिमट्यात धरली, तेवढ्यात आवडाबाईंनी हाक मारली.

"तनुजा! पाणी आलं गं!"

नळाला सहा दिवसांनी पाणी आलं होतं. असं पाणी सोडून कुणी बसत नाही. तनुजा धावली. टाकी, दोन पिंप, हंडे, बादल्या, शेवटी पातेली. पाऊण तासानं ओल्या पदरानं परत आली, हात पुसले आणि पुन्हा जाऊन पाण्याची मोटर बंद करायची होती म्हणून घाईघाईनं दुसरी चीप बसवली. काकासाहेबांनी विचारलं, "ठिपका बघितला ना?" ती म्हणाली, "हो, हो."

संध्याकाळी मोटारींच्या तारा पुन्हा जोडून झाल्या. एकदम बॅटरी लावायला काकासाहेब तयार नव्हते. त्यांनी स्कूटरचा हेडलाइटचा जुना बल्ब काढला आणि बॅटरीच्या वाटेत जोडायला सांगितला.

"हा सिरीज बल्ब. कारखान्यात याच्याशिवाय आम्ही कधी मोटार सुरू केली नाय. आत गडबड असली तर सगळा जोर हा बल्ब आपल्यावर घेतो, पेटून उठतो. सगळं ठीक असलं तर नुसता लुकलुकून विझतो."

तनुजानं पिन जोडली. बल्ब भक्कन पेटला.

"काढ!"

तिनं एका झटक्यात पिन उपसली. खोलीत पुन्हा साधा उजेड आला. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं. "जाळला मी आबा. परत जाळला."

"काय जळालं नाय. बल्बानं घेतलं ना आपल्यावर. बस, बस खाली. वास येतोय का? नाय. मग? आता भिंग घे आणि ठिपके बघ."

तिनं भिंग घेतलं. एक, दोन, तीन, सगळे डावीकडं. शेवटच्या चिपेचा उजवीकडं.

"उलटी बसवली मी," ती म्हणाली. "ठिपका न बघताच हो म्हणाले."

काकासाहेब हसायला लागले. कित्येक दिवसांत ते असे हसले नव्हते. "माझा थेंब, तुझा ठिपका. फिट्टंफाट झाली आपली. सकाळी काढू ती. आज हात दमलाय तुझा."

सकाळी तिनं चीप सुलटी केली. बल्ब पुन्हा मध्ये जोडला, पिन लावली. बल्ब एकदा लुकलुकला आणि विझला. मग चारी मोटारींनी मिळून शिट्टी घातली. तनुजानं कानावर हात ठेवले आणि मग हसून काढले.

बल्ब काढला, पाती न लावताच रिमोटवरून मोटारी हळू फिरवून पाहिल्या. काकासाहेबांनी कागदाची पट्टी एकेका मोटारीला लावायला सांगितली. तीन बरोबर फिरत होत्या. चौथी उलटी.

"आता हिला काय झालं?" तनुजा दचकली.

"काय नाय. आता माझं राज्य," काकासाहेब म्हणाले. "तीन तारांची मोटार उलटी फिरायला लागली तर काय करायचं? कोणत्या बी दोन तारांची अदलाबदल. बास. दहा घोड्यांची मोटार असू दे नाय तर ही चिमणी."

तिनं दोन तारा बदलल्या. मोटार सुलटी फिरू लागली. नवे जोड त्यांनी भिंगाखाली पाहिले. या वेळी 'हं' सुद्धा म्हणाले नाहीत, नुसती मान हलवत राहिले.

तेवढ्यात आवडाबाई चहा घेऊन आल्या. तनुजाला कप. काकासाहेबांना स्टीलचा ग्लास, तोही अर्धाच भरलेला. तनुजाची नजर त्या ग्लासावर गेली, मग सासूबाईंकडं गेली.

"काय बघती?" आवडाबाई म्हणाल्या. "पाच महिने झाले, कपबशी बंद केलीय मी यांची. बशी वाजते."

काकासाहेबांचा हात ग्लासाशीच थांबला. "तुला म्हाईत होतं?"

"चाळीस वर्षं या हातात चहा देतेय. मला कळायचं नाय व्हय?"

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही हात खिशात घालून फिरत होता. मला वाटलं, स्वतःहून काढतील बाहेर तवा बोलू." त्या खाटेवर टेकल्या. आवाज बारीक झाला. "पण भीती लई वाटत होती हो. वाडीच्या मारुतीला सांगून ठेवलंय मी."

काकासाहेबांनी ग्लास दोन्ही हातांनी उचलला. आज पहिल्यांदाच त्यांनी तो बायकोसमोर थरथरू दिला.

दवाखान्यात तिघंही गेले. मेंदूच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई वयानं तनुजाएवढ्याच होत्या. त्यांनी काकासाहेबांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. मग कागद पुढं ठेवून आतून बाहेर येणारं जिलबीसारखं वेटोळं काढायला सांगितलं. काकासाहेबांनी काढलं. रेघ करवतीसारखी दातेरी आली. ते त्या रेघेकडं बघेनात.

"वडिलांना असं काही होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"वडिलांना?" काकासाहेब थांबले. "म्हातारपणी त्यांच्या हातातली भाकर हलायची. आम्ही म्हणायचो थंडी वाजती त्यांना."

"काका, हा कंपवात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ही वेगळी थरथर आहे. घराण्यात असते. पूर्ण जाणार नाही, वाढेलही हळूहळू. पण गोळीनं बरीच आटोक्यात राहते. अंथरुणाला वगैरे खिळत नाही यानं कुणी. महिन्यानं पुन्हा दाखवा."

बाहेर आल्यावर काकासाहेब पायरीवरच बसले. आवडाबाई शेजारी बसल्या.

"जायला पाहिजे होतं मी त्याच्याकडं," काकासाहेब म्हणाले.

"कुणाकडं?"

"होता एक. माझ्या शेजारच्या बाकावर." त्यांनी चेहरा रुमालानं पुसला. "अजून हाय म्हणत्यात. चिकलठाण्यातच."

"मग जाऊ की," आवडाबाई म्हणाल्या.

त्या रात्री त्यांनी स्वतःच शिवमला फोन केला. शिवम आधी चिडला, मला परक्यासारखं का ठेवलं म्हणाला, आणि मग पाळी पुढच्या शनिवारची असताना याच शनिवारी आला.

रविवारी सगळे देवगाव रंगारीला गेले. बद्रीनाथच्या रानातला गहू निघाला होता, एका बाजूला कांदा उभा होता. ऊन चढायच्या आत काकासाहेबांनी ड्रोन मोकळ्या जागी ठेवला, पाती घट्ट केली का ते तनुजाला दोनदा तपासायला लावलं आणि सगळ्यांना मागं उभं केलं. गोळ्या सुरू होऊन पाच दिवस झाले होते. थरथर थोडी कमी होती, गेली नव्हती.

रिमोटच्या दांड्यांवर त्यांनी अंगठे ठेवले. ड्रोन उठला, कमरेएवढा वर गेला आणि तिथंच थरथरायला लागला. त्यांचा अंगठा जसा हलत होता तसाच तोही हलत होता. सगळ्यांना ते दिसत होतं. काकासाहेबांनी तो खाली उतरवला.

शिवम पुढं व्हायला निघाला, पण तनुजानं त्याचा सदरा धरला.

काकासाहेबांनी रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवला. रिमोट पोटाशी घट्ट टेकवला, कोपरं बरगड्यांना चिकटवली. मग दांड्यांवर अंगठे न ठेवता त्या दोन-दोन बोटांच्या चिमटीत धरल्या. ड्रोन पुन्हा उठला. हलत होता, पण कमी. छातीएवढा, डोक्याएवढा, मग बाभळीच्या शेंड्याएवढा. काकासाहेबांनी तो हळूच पुढं ढकलला आणि तो रानावरून बांधाकडं निघाला, पूर्वीसारखा झपाट्यानं नाही, सावकाश. वळवताना एकदा डगमगला, सावरला आणि परत आला.

"फोटो निघत्यात का यात?" बद्रीनाथनं विचारलं.

"नाय," काकासाहेब वर बघत म्हणाले.

"मग औषध फवारतं का?"

"नाय रे."

"मग करतं काय हे?"

"उडतं," काकासाहेब म्हणाले. "तनुजा, इकडं ये. हा पट्टा घे गळ्यात."

"मी? आबा, मला नाय जमायचं."

"धरायचंच आहे ना? सांगतो कुठं."

त्यांनी ड्रोन उतरवला आणि पट्टा तिच्या गळ्यात घातला. तिनं दांडी जरा जास्तच ढकलली. ड्रोन उसळून वर गेला आणि तिरपा होत कांद्याकडं निघाला. आवडाबाई पदर खोचून त्याच्या मागं धावल्या, "अगं कांदा! कांदा!" असं ओरडत, आणि काकासाहेब तनुजाच्या शेजारी उभं राहून शांतपणे सांगत होते, "घाबरू नको. डावा हात कमी कर. अजून कमी. हं."